पाहुण्यांना ओटीवर बसवलं आणि बोट मिळाली

थांबा! आधी हे सांगू दे, मग चहा, मग आंघोळ, मग बाकी सगळं. दिवाळी अंकाचे संपादककाका कधीपासून मागे लागलेत, ‘शाहीन, तुझ्या नोकरीवर काहीतरी लिही गं,’ आणि मी आपली ‘देते देते’ करत दिवस ढकलत होते, कारण लिहिण्यासारखं आहे काय त्यात? आज आहे! आत्ता आहे! मुंबईची बोट आत्ता सुटली, मला तिचा दिवा अजून दिसतोय. मी जेट्टीच्या कट्ट्यावर बसलेय, बुटात खाजणातला चिखल तसाच आहे आणि मी दोन्ही अंगठ्यांनी मोबाईलवर टाईप करत सुटलेय. चुका झाल्या तर काका करतील दुरुस्त. पण हे थंड झाल्यावर सांगण्यात मजा नाही. गरम घावन आहे हे.

तर मी शाहीन, आगरदांड्याची. अलिबागजवळ एका गोल्फ कोर्सवर मार्शल आहे. मार्शल म्हटल्यावर माझ्या फुपीला, म्हणजे आत्याला, वाटलं मला बंदूक मिळाली. बंदूक नाही, बॅटरीवरची एक बग्गी मिळाली, तिच्यावर पिवळा झेंडा आणि डोक्याला टोपी. फुपीला मी कितीदा समजावलं, की लोक मुंबईहून येतात, दांडीने बॉल मारतात, मग तो जिथे पडला तिथे चालत जाऊन परत मारतात, आणि शेवटी एका भोकात घालतात. ती ऐकून घेते आणि दर वेळी तेच विचारते. “आनि तू काय करतेस गो?”

“मी बघते, की सगळे वेळेत पुढे सरकतायत का.”

“म्हंजे थोरामोठ्यांना हाकलतेस?”

फुपी, नाही. पण सुरुवातीला मलाही तसंच वाटायचं, त्याबद्दल सांगतेच.

ज्यांनी गोल्फ पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी पटकन. अठरा भोकं असतात, त्यांना होल म्हणतात, आणि एकेक होल म्हणजे लांबच लांब हिरवळीची पट्टी. एका टोकाला सुरुवातीची जागा, ती टी, दुसऱ्या टोकाला मऊ गवत आणि त्यात भोक, ते ग्रीन. चार-चार जणांचे ग्रुप एकामागून एक सुटतात. आता गंमत अशी, की बॉल दगडासारखा टणक. पुढचे चार जण लांब जाईपर्यंत मागच्यांनी मारायचा नाही, नाहीतर कोणाचं तरी डोकं फुटेल. म्हणजे एक ग्रुप रेंगाळला की मागचे सगळे उभे. कार्ल्याच्या खिंडीत पुढे एक खडीचा डंपर लागला की मागे अलिबागपर्यंत काय होतं? तेच. फक्त इथे हॉर्न नसतो, नुसते सुस्कारे असतात. ही माळ न अडकता चालती ठेवायची, एवढंच माझं काम. ऐकायला सोपं आहे ना? हो, मलाही वाटलं होतं.

मी आधी टॉवेल काउंटरला होते. टॉवेल द्यायचा, टॉवेल घ्यायचा, हसायचं. मागच्या वार्षिक स्पर्धेत इतका घोळ झाला, की शेवटच्या ग्रुपांनी अंधारात मोबाईलचे टॉर्च लावून खेळ संपवला, बक्षीस समारंभ झालाच नाही, आणि शेवटची बोट चुकून अर्धी मंडळी वडखळमार्गे चरफडत मुंबईला गेली. मेंबर म्हणाले, पुढच्या वर्षी आम्ही दुसरीकडे खेळू. मार्शलचं काम करणारा होता तो सोडून गेला. मी नाईक सरांकडे, म्हणजे आमच्या मॅनेजरकडे गेले आणि म्हटलं, “सर, मला द्या.”

सरांनी आधी माझ्याकडे आणि मग टॉवेलांकडे बघितलं. “झेपेल?”

“नाही झेपलं तर टॉवेल आहेतच की.”

“ठीक आहे. पुढच्या स्पर्धेपर्यंत. त्या दिवशी सगळे बोटीत बसले तर बग्गी तुझी. एक जरी ग्रुप मागे राहिला तर सोमवारी काउंटरला.”

तो दिवस म्हणजे आजचा! सांगते, सांगते, क्रमाने सांगते.

सुरुवातीला मी काय करायचे, तर जो ग्रुप थांबलेला दिसेल त्याच्यामागे बग्गी नेऊन उभी करायचे आणि गोड आवाजात म्हणायचे, “सर, थोडं फास्ट, प्लीज.” झालं! माणसाला फास्ट म्हटलं की तो घाबरतो, घाबरला की बॉल वाकडा जातो, वाकडा गेला की झाडीत, आणि झाडीत गेला की चार जण, त्यांच्या पिशव्या वाहणारे चार कॅडी आणि मी, सगळे वाकून शोधतोय. एक डॉक्टर मॅडम होत्या, फार छान खेळायच्या. त्यांना मी असं म्हटलं आणि त्यांनी लागोपाठ तीन बॉल तळ्यात घातले. मग माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाल्या, “बेटा, तू जा, म्हणजे मी पण जाते.” मी गेले. त्या खरंच भराभर पुढे गेल्या. त्या दिवशी एवढं कळलं, की नुसतं मागे उभं राहणं म्हणजेसुद्धा ओरडणं असतं.

मग आले मेहता शेठ. मस्जिद बंदरला त्यांचा मोठा व्यापार, माणूस दिलदार, आणि त्यांचा ग्रुप म्हणजे कोर्सवरचा खडीचा डंपर. सगळे म्हणायचे, शेठ हळू खेळतात. मी एकदा लांब नारळाखाली बग्गी लावून नुसतं बघत बसले. आणि काय दिसलं माहितेय? शेठ अजिबात हळू नव्हते! त्यांच्याबरोबर त्यांच्याच पेढीवरची तीन माणसं असायची. नियमाने ज्याचा बॉल तयार त्याने मारायला काय हरकत आहे? पण शेठच्या आधी मारायचं कसं? शेठच्या पुढे चालायचं कसं? म्हणून तिघे आधी शेठच्या बॉलपाशी जाऊन हात बांधून उभे राहायचे. शेठने मारला की “वाह शेठ!” करायचे, आणि मग तिथून एकेक जण आपापला बॉल शोधायला निघायचा. तोपर्यंत शेठ पुढे जाऊन ‘हे कुठे राहिले’ म्हणून यांची वाट बघत उभे. हे शेठची वाट बघतायत, शेठ ह्यांची वाट बघतायत, आणि मागे सगळा कोर्स या चौघांची!

त्या तिघांना सांगून उपयोग नव्हता, नोकरीचा प्रश्न होता बिचाऱ्यांच्या. मी थेट शेठना गाठलं. “शेठ, तुमची माणसं तुमच्यासाठी थांबतात म्हणून उशीर होतो.”

शेठनी डोळे मोठे केले. “मारे माटे?” मग वळून तिघांकडे बघितलं आणि ओरडले, “ऑफिसमां तो कोई मारी राह जोतुं नथी! लंचला मला सोडून जाता! इकडेच आठवतो मी?”

तिघे लाजेने लाल. त्यानंतर शेठने स्वतः नियम काढला, जो तयार त्याने मारायचं, शेठ-बिठ कोणी नाही. डंपरची झाली मोटारसायकल. मी एवढी खूश, की त्या दिवशी आगरदांड्याला घरी फोन करून सगळ्यांना एकेक करून सांगितलं.

पण रविवारची कोंडी काही फुटेना. आता मेहता शेठही जोरात, कोणाचा बॉल हरवलेला नाही, आणि तरी पाचव्या होलपासून सगळे उभे. मी बग्गी घेऊन पुढे जायचे, अडवणारा ग्रुप शोधायला, तर पुढचे म्हणायचे आम्ही थांबलोय, त्यांच्या पुढचे म्हणायचे आम्ही पण थांबलोय, आणि सगळ्यात पुढचे मजेत चाललेले. अडवणारा कोणीच नाही! म्हणजे चोर नाही आणि चोरी रोज. डोक्याचा भुगा झाला माझ्या.

उत्तर मिळालं सुट्टीच्या दिवशी, माझ्या अब्बांच्या जेट्टीवर.

माझे अब्बा आगरदांड्याच्या धक्क्यावर गाड्या सोडतात. म्हणजे पलीकडे दिघीला जाणाऱ्या फेरीबोटीत गाड्या चढवायचं काम. मी लहानपणापासून तिथे उभी राहून बघतेय, आणि इतकं बघितलंय की कधी बघितलंच नाही, असं म्हणा. त्या दिवशी त्यांचा डबा घेऊन गेले. उताराच्या तोंडाशी गाड्यांची रांग, खाली बोट लागलेली, उतार अर्धा रिकामा, आणि अब्बा रांगेपुढे हात आडवा धरून, दुसऱ्या हातात चहाचा ग्लास. पहिल्या गाडीतला पुण्याचा माणूस तापलेला.

“अहो चाचा, समोर सगळं रिकामं दिसतंय की! सोडा ना!”

“रिकामा दिसतोय म्हनून सोडायचा नसतो, साहेब. च्या घ्या.”

“चहा नको, मला पलीकडे जायचंय!”

“सगल्यांनाच जायचाय. म्हनून तं च्या.”

बोटीत आधीची गाडी नीट लागली, तिचं दार उघडून माणूस उतरला, तेव्हा अब्बांनी हात खाली केला. पुण्याची गाडी न थांबता, न वळवता, सरळ आपल्या जागेवर गेली. मी डबा हातात घेऊन तिथेच उभी. 

“अब्बा, आधी का नाय सोडली?”

“अगो, उतारावं अडकला की मानूस घाबरतो. मंग ब्रेक दाबतो, मंग मागचा हॉर्न मारतो, मंग म्होरचा चुकतो. हितं थांबलेला मानूस च्या पितो. थितं थांबलेला मानूस शिव्या घालतो. थांबायचा तं हाय ना? मंग हितं थांबवायचा.”

डबा तिथेच ठेवून मी उड्या मारत परत! अम्मी म्हणाली, जेवून तरी जा. जेवते कशाला! आमचा उतार म्हणजे पहिली टी! सकाळची बोट येते, सगळे गोल्फवाले एकदम उतरतात, एकदम कोर्सवर येतात, आणि आमचा स्टार्टर त्यांना एकापाठोपाठ एक सोडून देतो. पुढचा ग्रुप जेमतेम लांब गेला की लगेच दुसरा. पहिल्या होलवर सगळे खूश, आणि पाचव्यावर पोचेपर्यंत एकमेकांच्या अंगावर. कोणीही हळू नव्हतं. आम्हीच दाटीवाटी करून सोडत होतो!

आता स्टार्टर म्हणजे आमचे जगूदादा. पहिल्या टीवर उभं राहून कोणी कधी सुटायचं ते सांगायचं, हे त्यांचं काम. पोयनाडच्या आत त्यांचं गाव, घरची भातशेती, आणि माणूस इतका गोड की ‘नाही’ हा शब्दच त्यांना येत नाही. कोणी येऊन म्हणालं, “दादा, निघू का?” की दादा म्हणणार, “निगा ना साहेब, आपलाच हाय!” मी त्यांना सगळं समजावलं, अब्बांचा उतार, चहा, शिव्या. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि मान हलवली.

“न्हाय जमायचा, शाईन. पावना इतक्या लांबशी येतो, त्याला काय दारात उभा ठेवायचा? आमच्यात न्हाय तसा करीत.”

बघा! एवढ्या दिवसांची कोंडी, आणि तिच्या मुळाशी काय, तर पाहुणचार! मला हसावं की रडावं कळेना. आणि ते चुकीचं तरी कसं म्हणणार, आमच्याकडेही तेच. दोन दिवस गेले. मग सुचलं. अचानक, बग्गी चार्जिंगला लावताना.

“दादा, तुमच्या घरी पाहुणा आला तर तुम्ही त्याला धाडकन स्वयंपाकघरात नेता?”

“ह्या! काय बोलतेस? आदी ओटीवं बसवायचा. पानी द्यायचा. जरा बोलायचा. मंग आत.”

“मग आपल्या कोर्सला ओटी कुठाय?”

दादांनी कोर्सकडे वळून बघितलं. “आईशप्पत,” ते म्हणाले.

आम्ही पहिल्या टीच्या बाजूला उंडीच्या झाडाखाली बाकं टाकली. माठ ठेवला, कोकम सरबत, कँटीनमधून घावन आणि चटणी. नियम एकच ठरला, पुढचा ग्रुप पहिल्या होलचं ग्रीन सोडून पार पुढे जाईपर्यंत पाहुणा ओटीवर. आणि ओटीवर जगूदादांना फक्त बोलायचं होतं, जे ते तसंही झोपेतसुद्धा करतात.

नाईक सरांना पटवणं जास्त अवघड गेलं. “म्हणजे तू लोकांना थांबवून वेळ वाचवणार?”

“हो सर.”

“शेवटचा ग्रुप उशिरा सुटेल ना मग?”

“उशिरा सुटेल, पण मध्ये कुठे थांबणार नाही. आधी लवकर सुटायचा आणि प्रत्येक होलवर उभा राहायचा.”

सर बराच वेळ पेन टेबलावर आपटत बसले. “टॉवेल लक्षात आहेत ना?”

“रोज स्वप्नात येतात, सर.”

आणि मग आज! स्पर्धा! आणि आजच सकाळी वारा सुटला आणि बोट उशिरा आली!! मी सकाळी इथे जेट्टीवरच होते, समुद्राकडे डोळे लावून. बोट लागली तेव्हाच सकाळचा मोठा तुकडा वाया गेलेला. सगळे घाईत, चिडलेले, आणि एकजात सगळे एकदम कोर्सवर. सरांचा फोन.

“शाहीन, ओटी-बिटी आज राहू दे. उशीर झालाय, सोड सगळ्यांना धडाधड.”

बग्गी पहिल्या टीपाशी. जगूदादा माझ्याकडे बघतायत. समोर पहिला होल, हिरवागार, अर्धा रिकामा, आणि टीवर मेहता शेठ दांडी घेऊन तयार. “अरे बेन, रस्तो तो खाली छे! जवा दो ने!” मागे बाकीचे ग्रुप, सगळ्यांची नजर माझ्यावर. खरं सांगते, घाबरले होते. एक ‘हो’ म्हटलं असतं तर सगळे हसले असते, थँक यू म्हणाले असते, आणि पाचव्या होलवर माझी टॉवेलची खिडकी उघडली असती.

मी फोनवर म्हटलं, “सर, उशीर झालाय म्हणूनच थांबवतेय.” आणि हात आडवा केला. अगदी अब्बांसारखा. मलाच दिसला तो हात, आणि भीती गेली.

“शेठ, आधी ओटीवर. घावन गरम आहे.”

शेठ फणफणत बसले. आणि जगूदादांनी सुरुवात केली. म्हणाले, “साहेब, घाई काय अस्ते ती मला विचारा. माजी वरात होडीतून आली. मुहूर्त टलायला आलेला, वरडाआरडा, आनि आमच्या होडीवाल्यानं भरती न येताच होडी घातली खाडीत. मदीच ओहोटीनं पानी गेला, आनि होडी बसली चिखलात. नवरी होडीत, मी होडीत, सासू होडीत, आनि भटजी काठावं मंगलाष्टका म्हनतोय.”

“पछी?” शेठनी घावनाचा तुकडा हातात तसाच धरला.

“मंग काय, मी धोतार खोचला, उतरलो चिखलात, म्हनला नवरीला उचलून नेतो. अंधारून आलेला. घाईत उचलली आनि चाललो. काठावं आलो आनि बघतो तं...”

“तो शुं?”

“सासू!”

सगळी ओटी हसून लोळायला लागली. शेठच्या डोळ्यांत पाणी. “अने दुल्हन? तिचं काय झालं?”

आणि आमचे जगूदादा, ज्यांना ‘नाही’ म्हणता येत नाही, ते उभे राहिले, होलकडे बघितलं आणि हात पुढे केला. “रस्ता मोकला हाय, साहेब. उरलेला खेलून आल्यावं.”

“अरे पण...”

“खेलून आल्यावं!”

प्रत्येक ग्रुपला त्यांनी अशीच अर्धी वरात सांगितली. प्रत्येक ग्रुप हसत सुटला. सगळ्या दिवसात त्या टीवरून एक पण शिवी ऐकू आली नाही.

आणि मग? मग काही नाही! म्हणजे तेच तर सांगायचंय, मी बग्गी घेऊन फिरतेय आणि मला कामच नाही! पाचवा होल, जिथे दर रविवारी जत्रा भरायची, तिथे एक ग्रुप येतोय, मारतोय, चालू पडतोय. मागचा ग्रुप येतो तेव्हा पुढचा निघालेला. टिटव्या ओरडतायत, नारळातून वारा, आणि लोक चालतायत. नुसते चालतायत! मला एवढं सुंदर काही दिसलंच नव्हतं. डॉक्टर मॅडम लांबून गेल्या, मी मुद्दाम जवळ नाही गेले, तर त्यांनीच टोपी काढून हलवली.

एकदाच गडबड झाली. सातव्या होलला खाजण आडवं येतं, तिवराची झाडं आणि गुडघाभर चिखल. मेहता शेठचा बॉल तिकडे गेला आणि शेठ जागचे हलेनात. दुसरा बॉल खिशात आहे, नियम माहीत आहे, तरी हलेनात. मागचा ग्रुप टीवर येऊन उभा राहिला. बस, हीच ती सुरुवात असते! एक थांबला की माळ थांबते.

मी पळत गेले. “शेठ, काय झालं?”

“बेन, त्या बॉलवर माझ्या नातीने चेहरा काढलाय. मने कीधुं हतुं, म्हणाली, दादा, ह्याच्यानेच जिंकायचं. आता घरी काय सांगू?” एवढा मोठा माणूस, आणि चेहरा असा पडलेला.

त्यांना घाई करून उपयोग नव्हता, डॉक्टर मॅडमनी शिकवलंच होतं. मी बग्गीतून उतरले. “शेठ, तुम्ही पुढे चला. बॉल मी शोधते.”

“तू? आमां? ह्या चिखलात?”

“खाडीकाठची पोर आहे मी. ओहोटी आहे, दिसेल. आणि तुम्हाला वरातीचा शेवट ऐकायचाय ना?”

शेठनी खाजणाकडे बघितलं, मग लांब उंडीच्या झाडाकडे, आणि निघाले! मागचा ग्रुप टीवरून सुटला, माळ हलली. मी चिखलात. एक पाय आत, दुसरा बाहेर काढेपर्यंत पहिला आणखी आत, खेकडे माझ्याकडे टकामका बघतायत, वरून एकेक ग्रुप जाताना विचारतोय, “सापडला का?” आणि मी खालून, “तुम्ही चला, चला!” कोणाकोणाचे जुने बॉल सापडले, भलतेच. आणि मग एका तिवराच्या मुळांत, दोन खुंटांच्या मध्ये, पांढरा बॉल, त्यावर निळ्या पेनाने दोन डोळे आणि हे एवढं मोठं हसू. माझ्याकडेच बघून हसत होतं ते. मी एकटीच चिखलात उभी राहून ओरडले, “याऽऽऽ!” टिटवी उडाली.

शेवटचा ग्रुप शेवटच्या ग्रीनवरून उतरला तेव्हा ऊन होतं. ऊन! मागच्या वर्षी टॉर्च, आज ऊन! बक्षीस समारंभ झाला, भाषण झालं, भाषण लांबलं तरी चाललं. शेठ जिंकले नाहीत, पण मी चिखलाने माखलेल्या हाताने बॉल दिला तेव्हा त्यांनी तो कपाळाला लावला आणि रुमालात गुंडाळून खिशात ठेवला.

आणि मग आम्ही सगळे इथे जेट्टीवर आलो तर बोटच आलेली नाही! आम्ही बोटीच्या आधी! सगळी मंडळी कट्ट्यावर, हातात चहा, आणि मधोमध जगूदादा, कारण शेठ त्यांना सोडायलाच तयार नव्हते, गाडीत घालून घेऊन आले. दादांनी वरातीचा शेवट सांगितला, की नवरी वाट बघून बघून शेवटी स्वतःच साडी खोचून चिखलातून चालत आली, मांडवात उभी राहिली आणि म्हणाली, “मी आलीय, आता तुम्ही आईला खाली ठेवा.” तोपर्यंत ते सासूला घेऊनच उभे होते! जेट्टीवर एवढा हशा झाला, की तिकीटवाला बाहेर येऊन बघायला लागला. बोट लागली तरी कोणी उठेना. नाईक सरांनाच ओरडावं लागलं, “अहो, चढा आता!”

सगळे चढले. सगळे! बोट सुटली. सर माझ्या बाजूला येऊन उभे राहिले, माझ्या बुटांकडे बघितलं. मला वाटलं आता म्हणतील, शाब्बास. ते म्हणाले, “दोन बाकं कमी पडली आज. सोमवारी सुताराला सांग.”

“मी सांगू, सर?”

“मग कोण, टॉवेलवाली?”

बग्गी माझी! मग अब्बांना फोन लावला. सगळं एका दमात सांगितलं, बोट, वारा, हात आडवा केला ते, बॉल, बाकं. एकच खंत सांगितली, की एवढं सगळं करून मी स्वतः अजून एकही बॉल मारलेला नाही. अब्बांना त्यात काही रस नव्हता. त्यांनी एवढंच विचारलं, “कुनी शिवी घातलान?”

“नाय, अब्बा. एकानं पन नाय.”

पलीकडून आला पाण्याचा आवाज, आणि कोणाच्या तरी गाडीचा हॉर्न. “मंग बरोबर सोडलीस,” ते म्हणाले, आणि त्या हॉर्नवाल्याला ओरडले, “ओ साहेब! च्या घ्या!”

बोटीचा दिवा आता दिसत नाही. मी पण निघते, बुटात पाय गारठलेत. पण जायच्या आधी तुम्ही सांगा, लग्नाच्या पंगतीत, रेशनच्या रांगेत, शाळेच्या दारात, कुठेही, तुम्ही कधी सगळे ‘सोडा, सोडा’ म्हणत असताना हात आडवा धरलाय का? आणि मग सगळे वेळेच्या आधी पोचले, असं तुमच्याही बाबतीत झालंय का?